ग्रँड युनियन कालव्यावर पाइकसाठी एक दिवस, आणि आमच्या हातून झालेली चूक

काठावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर इथे एकही धागा सापडला नाही, म्हणून हा काढतो आहे. गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे मित्र मिल्टन कीन्सजवळ ग्रँड युनियन कालव्यावर पाइक हा शिकारी मासा गरवायला गेलो होतो. चौघांत एक चिपळूणचा, एक सोलापूरचा, एक आमच्या कचेरीतला पोलिश सहकारी आणि चौथा मी. चिपळूणच्या मित्राचे बालपण वाशिष्ठीच्या काठी गरी टाकण्यात गेले आहे, सोलापूरकराने त्या दिवसापर्यंत गळाची काठी हातात धरलेली नव्हती, आणि पोलिश मित्र आजोबांच्या हाताखाली शिकलेला असल्यामुळे आमच्यातला एकमेव खरा जाणकार तोच होता. त्याचे ऐकले असते तर हा धागा निम्म्याने लहान झाला असता.

कालवा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर शेताला पाणी देणारा पाट येतो. इथला कालवा मालवाहतुकीसाठी खोदलेला. लंडनच्या ब्रेंटफर्डपासून बर्मिंगहॅमपर्यंत तो १३७ मैल जातो आणि त्यातले पाणी जवळजवळ उभे असते. आम्ही गेलो त्या भागात फेनी स्ट्रॅटफर्डचे लॉक आहे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा चढवण्या-उतरवण्याची दरवाजांची जागा. तिथे १८०२ सालापासून नावा जेमतेम १३ इंच उतरवण्यासाठी दरवाजे उघडतात आणि मिटतात. त्याच्या पुढे कॉसग्रोव्हपर्यंत सुमारे ११ मैल एकही लॉक नाही, आणि कॉसग्रोव्हला पोहोचण्याआधी १८११ सालच्या लोखंडी जलसेतूवरून कालवा ग्रेट ऊझ नदी ओलांडतो. त्या सेतूवर एका बाजूला चालण्याची वाट आणि कठडा आहे, तर दुसऱ्या बाजूला लोखंडी कुंडाची कड संपली की थेट सुमारे ४० फूट खाली नदी. सोलापूरकराने तिथे उभे राहून पाच मिनिटे एक शब्दही काढला नाही, आणि त्याला ओळखणाऱ्यांना ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे कळेल.

आता माशाविषयी. पाइक हा दबा धरणारा शिकारी आहे. लांबट, शेवाळी हिरवा, अंगावर फिकट पिवळे ठिपके, तोंड बदकाच्या चोचीसारखे चपटे, आणि पाठीवरचा पर शेपटीच्या अगदी जवळ, इतका मागे की झडप घालताना सगळे शरीर एकाच झटक्यात पुढे फेकले जाते. खालच्या जबड्यात सुळे असतात, पण खरी गंमत टाळूवर आहे: तिथे घशाकडे झुकलेले शेकडो बारीक दात असतात. आत जाणारी वस्तू सहज सरकते, बाहेर येणारी अडकते. म्हणून दोऱ्याच्या टोकाला किमान १८ ते २० इंचांची पोलादी तार लावावीच लागते. नुसता तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तो एका चाव्यात कापतो, आणि मग तोंडात गळ घेऊन तो मासा पाण्यात फिरत राहतो. तारेवाचून पाइकला गळ टाकणे हा इथे गाढवपणाच नव्हे, तर क्रूरपणा समजला जातो.

आमिष म्हणून मेलेले समुद्री मासे वापरतात. आमच्या डब्यात तारलीचे इथले भाऊबंद होते, अर्धे कापलेले बांगडे होते आणि स्मेल्ट नावाचे छोटे रुपेरी मासे होते. या स्मेल्टला ताज्या काकडीचा वास येतो. पोलिश मित्राने हे सांगितले तेव्हा आम्ही हसलो, मग प्रत्येकाने एकेक मासा नाकाशी धरला, आणि खरोखरच कोशिंबिरीला बसल्यासारखे वाटले. बांगडा गळाला लावताना चिपळूणकराच्या चेहऱ्यावर जे भाव होते, त्यांचे वर्णन मी करणार नाही.

सकाळी साडेसातला उजाडत होते. पुलांखालची वाट दवाने पांढरी झाली होती आणि काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरत असल्यामुळे दर काही मिनिटांनी तो बोटांनी फोडावा लागत होता. थंडीत नावांची ये-जा कमी होते, त्यामुळे तळाचा गाळ बसून पाणी निवळते. आम्ही दोन ठिकाणी बसलो, एक बांधून ठेवलेल्या नावांच्या रांगेच्या टोकाला आणि दुसरे नावा वळवण्यासाठी कालवा मुद्दाम रुंद केलेला असतो तिथे. पहिले तीन तास काहीही झाले नाही. सायकलस्वारांची घंटा वाजली की काठ्या मागे घ्यायच्या, कुत्र्यांना आमिषाच्या डब्यापासून दूर ठेवायचे आणि थर्मासमधला चहा प्यायचा, एवढाच उद्योग होता.

पावणेअकराच्या सुमारास माझ्या दोऱ्यावरचे लाल बूच आडवे झाले, दोनदा थरथरले आणि नावेच्या दिशेने हळूहळू चालू लागले. मी काठी उचलणार, तोच चिपळूणकर म्हणाला, "थांब, घाई करू नकोस, त्याला नीट खाऊ दे." पोलिश मित्र तेव्हा पन्नास पावलांवर दुसऱ्या काठीपाशी होता. मी थांबलो. मनात वीसपर्यंत मोजले. मग ओढले, आणि काठी जी वाकली ती पुढची पाच मिनिटे सरळ झाली नाही.

मासा जाळ्यात आला तेव्हा आम्ही नाचलोच. लांबी ७८ सेंटिमीटर, झोळीसकट वजनकाट्याला टांगून आणि झोळीचे वजन वजा करून आठ पौंडांना किंचित कमी. मग त्याचे तोंड उघडले आणि नाचणे थांबले. दोन तिहेरी (एका दांड्याला तीन काटे असलेल्या) गळांपैकी वरचा जबड्याच्या कोपऱ्यात होता, पण खालचा पार घशाच्या तोंडाशी रुतलेला होता. माझ्याकडचा चिमटा सहा इंची होता, कारण दुकानात तो स्वस्त होता आणि मला वाटले की चिमटा तो चिमटाच. माझी मूठ त्या दातांमध्ये गेल्याशिवाय तो गळापर्यंत पोहोचत नव्हता.

पोलिश मित्र धावत आला. त्याने मासा त्यासाठीच आणलेल्या ओल्या गादीवर उताणा घेतला, हनुवटीकडून कल्ल्याच्या झाकणाखाली दोन बोटे सरकवली, लालबुंद कल्ल्यांना स्पर्श न होऊ देता जबडा वर उचलला, आणि तोंड आपोआप उघडले. मग बाजूने, कल्ल्याच्या फटीतून, त्याने आपला लांब चिमटा आत घालून गळ उलटा केला, एक काटा कटरने तोडला आणि उरलेला भाग बाहेर काढला. या सगळ्याला चार मिनिटे लागली, आणि ती चार मिनिटे मासा हवेत होता. आमच्याशी तो एक शब्दही बोलला नाही, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होते.

पाण्यात सोडल्यावर मासा एका कुशीवर कलंडला. कालव्याच्या काठाला पोलादी पत्रे ठोकलेले असल्यामुळे पाणी हातभर खाली होते, म्हणून मी वाटेवर पालथा पडून, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून, जाळ्याच्या आतच त्याला सरळ धरून ठेवले. कल्ल्यांची उघडझाप आधी अनियमित होती, मग हळूहळू लयीत आली. बोटांची जाणीव गेल्यावर किती वेळ झाला ते मला कळेना. सोलापूरकर म्हणतो की सात मिनिटे. शेवटी त्याने शेपटी एकदा जोरात हाणली, माझे तोंड भिजवले आणि नावेखाली निघून गेला. तो पुढे जगला का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि या धाग्याचे मूळ कारण तेच आहे. आपल्यापैकी जे हे करतात त्यांनी आपापल्या पद्धती इथे मांडाव्यात अशी विनंती आहे.

पाणकोंबडी

लेख वाचताना मजा आली, पण एक प्रश्न मनातून जात नाही. खायचा नाही, विकायचा नाही, परत सोडायचा, आणि सोडताना तो जगेल की नाही याची काळजी करत पालथे पडायचे. मग मुळात धरायचाच कशासाठी? मी कोळीवाड्याच्या शेजारी वाढले आहे. आमच्याकडे मासा धरणाऱ्याला त्याचे वाईट वाटत नाही, कारण त्याच्या घरी चूल पेटायची असते. हा छंद मला त्या मानाने अधिक निष्ठुर वाटतो. रागावू नये, खरोखर समजून घ्यायचे आहे.

खाडीकर

सर्वप्रथम, शीर्षकातले 'कालव्यावर' वाचून मी खडकावरची कालवे फोडण्याविषयी काही असेल म्हणून धावत आलो, आणि इथे बांगड्याचे तुकडे करून गोड्या पाण्यातल्या कुणा पाइकाला घातलेले पाहिले. आपल्या भाषेत पाईक म्हणजे सेवक. हा सेवक मात्र धन्याचा बांगडा खातो.

गमतीचा भाग सोडून सांगतो. आपल्या चिपळूणच्या मित्राची चूक मला समजते, कारण मीही तेच म्हणालो असतो. खाडीत गरवताना कित्येक मासे आधी आमिष चिमटून पाहतात, आणि लगेच हिसका दिला तर गरी रिकामी वर येते. त्यामुळे 'खाऊ दे' हे आमच्या हाडात बसलेले आहे. पाइकचे वेगळे का, ते कृपया सांगावे.

काठावरचा

खाडीकर, हे मला त्या दिवशी परतीच्या वाटेवर समजले. पाइक सावज मधोमध आडवे पकडतो, मग तोंडात फिरवून त्याचे डोके आपल्या घशाकडे आणतो आणि डोक्याकडून गिळतो. याच सवयीचा विचार करून आमिष उलटे लावतात: वरचा तिहेरी गळ शेपटीच्या बुंध्यात आणि खालचा कुशीत, म्हणजे माशाचे डोके दोऱ्यापासून लांब राहते. बूच हलले याचा अर्थ आमिष बहुधा जबड्यात आलेच आहे, तेव्हा ढिला दोरा गुंडाळून लगेच ओढायचे. मासा निसटला तर निसटू द्यायचा. आपण थांबतो तो प्रत्येक क्षण गळ घशाकडे नेतो. माझे वीस आकडे म्हणजे त्या माशाच्या घशातला गळ, इतका सरळ हिशेब आहे.

पाणकोंबडी ताई, आपल्या प्रश्नाचे छान सजवलेले उत्तर मला देता येईल, पण ते खोटे होईल. बूच चालू लागते तेव्हा छातीत जे होते, त्यासाठी मी जातो. माशाला त्याचा काहीही फायदा नाही. इतकेच म्हणेन, की सोडण्याची तयारी आधी आणि काठी नंतर, हा क्रम पाळता येत नसेल तर जाऊ नये, आणि त्या दिवशी मी तो पाळला नव्हता.

लीड्सवासी

मी दहा वर्षे लीड्स–लिव्हरपूल कालव्यावर जातो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. हा कालवा १२७ मैलांचा आहे, १८१६ साली पूर्ण झाला, आणि त्याचा शहरातला भाग दिसायला कितीही कळकट असला तरी पुलांच्या सावलीत पाइक असतातच.

आपण जे केले ते चुकले, पण त्यानंतर जे केले ते बहुतेक बरोबर केले. जाळ्यातच पाण्यात धरून ठेवणे हे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ लोक मासा पुढेमागे ढकलत बसतात, त्याची गरज नसते. तो सरळ राहिला आणि कल्ले चालू राहिले की पुरते. आपल्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे थंडी. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, त्यामुळे दमलेला मासा सावरतो. हाच प्रसंग जुलैत घडला असता तर तो मासा बहुधा वाचला नसता. बहुतेक कालव्यांना नद्यांप्रमाणे १५ मार्च ते १५ जूनची मासेमारीबंदी लागू नाही, तरीही जाणकार पाइकच्या वाटेला ऑक्टोबरपासून मार्चच्या मध्यापर्यंतच जातात. उन्हाळ्यात पाणी कोमट असते आणि वसंतात माद्या अंडी घालण्यासाठी उथळ पाणवनस्पतींत येतात. मोठे पाइक जवळजवळ सगळे माद्याच असतात, हेही ध्यानात ठेवावे.

मी स्वतः मेलेल्या आमिषाऐवजी खोटे मासे वापरतो, म्हणजे रबरी शेपटीचे किंवा फिरत्या पात्याचे. पाइक त्यांवर झडप घालतो तेव्हा दोरा हातात ताणलेलाच असतो, त्यामुळे खोल गिळण्याची शक्यता फारच कमी. तिहेरी गळाच्या टोकांजवळ मासा निसटू नये म्हणून असलेले बारीक उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत. मासे काही अधिक निसटत नाहीत. चिमटा किमान बारा इंची, आणि एक नव्हे दोन, कारण एक नेहमी पाण्यात पडतो.

मूळचा_बार्शीकर

हे किती मोठे होतात हो? आणि खातात का? चव कशी असते?

लीड्सवासी

कालव्यात दहा पौंडांचा मिळाला तरी दिवस सोन्याचा. मोठे जलाशयात असतात. ब्रिटनमधला ४६ पौंड १३ औंसांचा विक्रम १९९२ साली वेल्समधल्या लँडेगफेड जलाशयावर झाला होता, तो तीस वर्षांहून अधिक काळ टिकला आणि २०२४ साली ब्रिस्टलजवळच्या च्यू व्हॅलीत मोडला.

चवीविषयी धागाकर्त्याच्या पोलिश मित्राला विचारावे.

काठावरचा

विचारले होते. त्यांच्या घरी पाइक खातात, आणि त्याच्या मते आजीच्या हातचा पाइक हा जगातला सर्वोत्तम मासा आहे, फक्त आजी काटे काढून देत असे ही गोष्ट तो जरा उशिरा सांगतो. पाठीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे काटे असतात. पाला मासा खाणाऱ्यांना त्यांची भीती वाटू नये, बाकीच्यांनी विचार करावा. फ्रान्समध्ये लियाँकडे त्याचे मांस वाटून, गाळून, मऊ लांबट गोळे करून रस्श्यात सोडतात. काट्यांवर तो उत्तम तोडगा दिसतो.

आम्ही मात्र घरी आणलेला नाही आणि आणणारही नाही. इंग्लंडमधल्या नद्यांवर दिवसाला एक, तोही ६५ सेंटिमीटरपर्यंतचाच पाइक नेता येतो, आणि कालव्यावर मालकाच्या परवानगीशिवाय काहीही नेता येत नाही. पोलिश मित्राला हा नियम सुरुवातीला वेडेपणाचा वाटला होता. आता तोच इतरांना दरडावतो. त्याचे म्हणणे असे की मोठी मादी काढून नेली की चार-दोन पौंडांच्या पोरट्या पाइकांचे फावते, कारण त्यांना खाऊन आटोक्यात ठेवणारे तोंडच नाहीसे होते. पाइक पाइकला खातो.

नीराकाठ

मी बारामतीकडचा आहे, आणि आमचे बालपण नीरा डाव्या कालव्यावर गेले. आमच्याकडे कालव्यातली मासेमारी पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर चालायची. आवर्तन सुटले की पोहायचे आणि आवर्तन बंद झाले की मासे धरायचे. पाणी उतरले की पुलाखालच्या आणि मोरीच्या खळग्यांत मासे अडकून राहत, आणि मग काठीची गरज नसे, पाटी आणि चार पोरे पुरत. त्यामुळे उभ्या पाण्याच्या कालव्यावर तीन-तीन तास एका बुचाकडे बघत बसणे हे मला काहीसे तपश्चर्येसारखे वाटते.

आपण पाइकचे जे वर्णन केले आहे, त्यावरून मला आमची मरळ आठवली. ती अशीच काठाच्या गवतात निश्चल पडून असते, आणि बेडूक लावलेला गळ तिच्या नाकापुढून गेला की पाणी फाटल्यासारखा आवाज होतो. फरक एवढाच की मरळ हवा घेऊ शकते. ओल्या पोत्यात गुंडाळून घरी आणली तरी ती जिवंत असते, आणि आईने राखेत धरून तिला साफ करायला घेतल्यावर उसळी मारते. एवढा दांडगा शिकारी चार मिनिटांत हवेवर गळपटतो, याचे आश्चर्य वाटले.

काठावरचा

नीराकाठ, तुलना अगदी चपखल आहे, आणि आमची दुसरी चूक तिथेच होती. दिसायला राकट म्हणून आम्ही त्याला मरळीसारखा चिवट समजलो. प्रत्यक्षात पाइक हाताळणीच्या बाबतीत फार नाजूक आहे. गादी कोरडी असली तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, उभा टांगला तर आतल्या अवयवांवर ताण येतो, आणि फोटोसाठी छातीशी धरून हसत उभे राहण्यात जो वेळ जातो तो त्याच्या श्वासातून वजा होतो. आमच्याकडे त्या माशाचा एकही धड फोटो नाही. आहे तो सोलापूरकराने काढलेला, आणि त्यात माझे पालथे पडलेले बूट आहेत.

खाडीकर

त्या दिवशी आणखी काही लागले का? एका माशावर चौघे परतला?

काठावरचा

दुपारी दोनच्या सुमारास सोलापूरकराच्या काठीला झँडर लागला. हा मासा इथला नव्हे. तो प्रथम १८७८ साली वोबर्न ॲबीच्या तळ्यांत आणून सोडला होता, आणि वोबर्न आमच्या जागेपासून काही मैलांवरच आहे. आता कालव्यांचे व्यवस्थापन पाहणारी संस्था काही भागांत पाण्यात विजेचा सौम्य धक्का देऊन हे झँडर वेचून काढते. त्याचे डोळे अंधारात मांजरासारखे चमकतात. पहिल्याच दिवशी, पहिल्याच काठीला परका मासा लागल्यामुळे सोलापूरकर स्वतःला आता आमच्यातला तज्ज्ञ समजतो. त्यावर इलाज नाही.

मूळचा_बार्शीकर

माझे मेहुणे फेब्रुवारीत आमच्याकडे ल्यूटनला येणार आहेत. त्यांना मासेमारीचे भारी वेड, उजनीवर दर रविवारी असतात. त्यांना नेले तर चालेल का? परवाना माझ्याकडे आहे, ते फक्त काठी धरतील.

लीड्सवासी

नाही, तसे चालत नाही. काठी धरणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा परवाना लागतो. वय १३ किंवा त्याहून अधिक असेल तर पाहुण्यालाही सूट नाही. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा एक दिवसाचा किंवा आठ दिवसांचा परवाना संकेतस्थळावर काही मिनिटांत मिळतो. त्याशिवाय कालव्याच्या त्या पट्ट्याचे हक्क ज्या मासेमारी मंडळाकडे असतील त्यांचे दिवसाचे तिकीट वेगळे. तपासनीस येतात आणि दंड अडीच हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. मेहुण्यांच्या विमानाच्या तिकिटात ही रक्कम बसवता येणार नाही. आणि हो, वरून विजेच्या तारा जात असतील तिथे काठी उभी धरू नये असे त्यांना आवर्जून सांगावे. इथल्या काठ्या कार्बनच्या असतात आणि त्यांतून वीज वाहते.

पाणकोंबडी

धागाकर्त्याचे उत्तर पटले असे म्हणणार नाही, पण प्रामाणिक वाटले. एक विचारते: चिपळूणच्या मित्राने पुढे काय केले? तो पुन्हा जाणार का?

काठावरचा

ताई, तो दुसऱ्याच आठवड्यात गेला, आणि चौदा इंची चिमटा घेऊन गेला. त्या खेपेला बूच हलताच त्याने इतक्या घाईने ओढले की आमिष पाण्यातून उडून मागच्या झाडीत अडकले, आणि ते सोडवायला त्याला तोच चिमटा लागला.

बार्शीकर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा फेनी लॉकपाशी जाणार आहोत. मेहुण्यांना परवाना आणि लोकरीचे दोन जोड हातमोजे घेऊन सकाळी सातला तिथे यायला सांगा. दुसरा जोड अशासाठी, की पहिला भिजणारच आहे. आमिष आमच्याकडून, फक्त त्यांनी बांगड्याच्या बाबतीत चिपळूणकराशी वाद घालू नये.